महामार्गावरची पुडी आणि आपली मुले

(मुडबी येथे मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



सीमाभागातील सभेत भाषा, शाळा आणि नोकऱ्या यांवर बोलायचे, ही आपली रीत. आज आम्ही वेगळा विषय घेतला आहे. शनिवारी रात्री पबमध्ये, फार्महाऊसवर, मित्राच्या वाढदिवसाला तरुण मुले जी पांढरी पूड नाकाने ओढतात, तिचा हा विषय. कोणी म्हणेल, मुडबीत कुठे आला पब? खरे आहे. पण आपली मुले शिकायला आणि कामाला पुण्यात आहेत, हैदराबादेत आहेत, बेंगळुरूत आहेत.

मार्च 2007 मध्ये सिंहगडाच्या पायथ्याशी डोणजे येथे पोलिसांनी रेव्ह पार्टीवर धाड घातली आणि सुमारे 280 तरुण-तरुणींना पकडले. तेव्हा हा पैसेवाल्यांच्या पोरांचा चाळा मानला जाई. पुढे मेफेड्रोन आले. पोरे त्याला ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’ म्हणतात. आपल्या देशात फेब्रुवारी 2015 मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणले गेले. बंदी आली, पण माल थांबला नाही. तो इथेच तयार होऊ लागला. कारण त्याला शेत लागत नाही. एक शेड, काही रसायने आणि ते जमवणारा माणूस एवढे पुरते.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. पुणे, सोलापूर, उमरगा, आपला बसवकल्याण तालुका, हुमनाबाद, जहीराबाद, हैदराबाद. हा राष्ट्रीय महामार्ग 65. याच मार्गावर दौंडजवळच्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीत फेब्रुवारी 2024 मध्ये एमडीचा कारखाना सापडला. त्या एका प्रकरणात सतराशे किलोंहून अधिक माल जप्त झाला. सोलापूरच्या चिंचोळी वसाहतीत 2016 मध्ये टनावारी इफेड्रिन सापडले आणि ऑक्टोबर 2023 मध्ये एमडीचा कारखाना. एप्रिल 2022 मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्समधील पबवर धाड पडली, तेथे कोकेन मिळाले. जून 2024 मध्ये पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरच्या बारमधील चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तामलवाडीजवळ एमडीच्या पुड्या पकडल्या गेल्या, त्या तुळजापूरला निघाल्या होत्या. पुढे त्या प्रकरणात तीसहून अधिक नावे आली, त्यांत काही पुजाऱ्यांचीही होती. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. पण ज्या गावाला आपण कुलस्वामिनीच्या दर्शनाला जातो, तिथे पब नाही, डीजेचा क्लब नाही, तरी पुडी पोहोचली, हे ध्यानात घ्या.

घाबरवण्यासाठी आम्ही बोलत नाही. केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्समार्फत केलेली पाहणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात दारू घेणारे शंभरात 14.6 होते, अशी उत्तेजक द्रव्ये घेणारे हजारात दोनसुद्धा नव्हते. म्हणजे गावाचा मोठा शत्रू अजूनही दारूच आहे. पण ही पाहणी कुरकुंभ आणि तुळजापूर यांच्या आधीची आहे.

हे गर्दसारखे व्यसन नव्हे. गर्द घेणारा पेंगतो, घरच्यांना दिसतो. एमडी घेणारा रात्रभर नाचतो, बोलतो, हुशार वाटतो. अंमल दोन-चार तासांत उतरतो, म्हणून तो पुन्हा घेतो. मग झोप जाते, भूक मरते, छाती धडधडते, अंग तापते, संशय येऊ लागतो आणि दोन दिवसांनी मन खचते. गर्दच्या व्यसनावर डॉक्टरांकडे पर्यायी औषध तरी आहे. एमडी सोडवणारे तसे औषध नाही. झोप, समुपदेशन आणि घरच्यांची साथ हाच उपचार. पुण्याचे मुक्तांगण 1986 पासून असेच काम करीत आले आहे.

आम्ही बँकेत कारकुनी करणारे, म्हणून एक गोष्ट खास सांगतो. मुलांनो, ‘तुझे खाते आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, दोन-तीन हजार देतो’ असे कोणी म्हटले तर देऊ नका. पैसा कोणाचा का असेना, नाव तुमचे लागते आणि पोलीस आधी तुमच्या दारात येतात.

कायदाही समजून घ्या. दोन ग्रॅमपर्यंत एमडी ही अल्प मात्रा, तिला एक वर्षापर्यंत कैद. पन्नास ग्रॅमपासून व्यापारी मात्रा, तिला किमान दहा वर्षे. पण याच कायद्यात कलम 64-अ आहे. अल्प मात्रेसह सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर त्याच्यावरील खटला टळू शकतो. ही गोष्ट आईबापांना कोणी सांगत नाही. म्हणून मुलगा अडकला की घर अब्रूपायी गप्प बसते आणि मुलगा हातचा जातो.

आमच्या मागण्या तीन. पहिली, बसवकल्याणच्या सरकारी दवाखान्यात ठरल्या दिवशी मनोविकारतज्ज्ञ आणि मराठी-कन्नड दोन्ही जाणणारा समुपदेशक बसावा. दुसरी, तिन्ही राज्यांच्या पोलिसांनी या महामार्गावर एकत्र नजर ठेवावी. पुडी हद्द विचारत नाही. तिसरी, हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीतील बंद शेडची दरवर्षी तपासणी व्हावी. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारा. आणि जो निवडणुकीत दारू वाटतो, त्याला व्यसनमुक्तीच्या व्यासपीठावर बसवू नका.

तोपर्यंत दोन क्रमांक लिहून घ्या. व्यसनासाठी 14446, मनाच्या त्रासासाठी 14416. दुसऱ्यावर मराठीतही बोलता येते. आणि परगावी असलेल्या मुलाला फोन कराल तेव्हा पैसे पोहोचले का, एवढेच विचारू नका. झोप लागते का, जेवतोस का, हेही विचारा. उत्तर टाळले तर रागावू नका. पुढची गाडी पकडून त्याच्याकडे जा.

जय हिंद, जय भवानी.