खेळाची जागा आणि गावाचा पैसा
(गोंदिया जिल्ह्यातील सार्वजनिक स्केट पार्कच्या प्रश्नावरील व्याख्यान)



स्केट पार्क हा शब्द उच्चारला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ज्या जिल्ह्यात धानाला भाव मिळत नाही म्हणून शेतकरी हवालदिल आहे आणि तरुण कामासाठी नागपूर-रायपूरची गाडी धरतो, तिथे चाकांच्या फळीवर घसरण्यासाठी सिमेंटचा चौथरा कशाला? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो आणि एका कामावर खर्च झालेला रुपया दुसऱ्या कामाला मिळत नाही, हा अर्थशास्त्राचा पहिलाच धडा आहे. तेव्हा हा खेळ कोणाचा, जागा कोणाची आणि पैसा कोणाचा, या तीन प्रश्नांची उत्तरे दिल्याशिवाय अशी मागणी करण्याचा अधिकार कोणालाही पोहोचत नाही.

पहिला प्रश्न खेळाचा. स्केटबोर्ड ही खासगी वस्तू आहे. एक फळी दहा मुले आळीपाळीने वापरू शकतात. खरी महाग वस्तू आहे ती तिच्याखालची गुळगुळीत, सुरक्षित जमीन. संपन्न कुटुंबातील मुलाला ती बंगल्याच्या अंगणात किंवा सदनिकांच्या आवारात मिळते. हमालाच्या, राइस मिलमधील मजुराच्या मुलाला मिळतो तो ट्रकच्या वाटेवरचा खडबडीत रस्ता. म्हणजे विषमता फळीत कमी आणि जमिनीत अधिक आहे. एकट्याने विकत घेता येत नाही, पण सर्वांनी मिळून सहज उभारता येते, अशा वस्तूंच्या वर्गात वाचनालय येते, सार्वजनिक विहीर येते आणि खेळाचे मैदानही येते. हा खेळ केवळ हौशी टोळक्यांचा राहिलेला आहे असेही नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, स्केटबोर्डिंगचा प्रथमच समावेश झाला.

शेजारच्या मध्य प्रदेशातले उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पन्ना जिल्ह्यातील जनवार या खेड्यात उलरिके राइनहार्ड या जर्मन महिलेच्या पुढाकाराने २०१५ च्या सुमारास एक स्केट पार्क उभा राहिला. गावात आदिवासी आणि यादव अशा दोन वस्त्या, आणि त्यांच्यामधले अंतर जुने. पार्कवर नियम दोनच ठेवले गेले: शाळेत गेल्याशिवाय स्केटिंग नाही, आणि आधी संधी मुलींना. याच गावातील आशा गोंड ही मुलगी २०१८ साली चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरली. तथापि या हकिकतीतला महत्त्वाचा भाग नानजिंगचा नव्हे. एकाच उतारावर उतरण्यासाठी दोन वस्त्यांतील मुलांना एका रांगेत उभे राहावे लागले, हा आहे. अशी रांग लावणारी जागा ज्या गावात नाही, त्या गावात समतेची भाषणे कितीही झाली तरी ती सभामंडपातच राहतात.

आता जागेचा प्रश्न. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. त्याचे तालुके आठ. बाहेरून येणाऱ्याला वाटते की येथे जागेला काय तोटा! गावाबाहेर मैलोन्‌मैल मोकळी जमीन दिसते. परंतु या मोकळ्या दिसणाऱ्या जमिनीचा मोठा भाग महसुली दप्तरात 'झुडपी जंगल' म्हणून नोंदलेला आहे. नागपूर विभागातील सहा जिल्ह्यांचा हा जुना गुंता. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानुसार झुडपी जंगल हे वनच मानले जाईल. तेव्हा 'पडीकच तर आहे' असे म्हणून तेथे सिमेंट ओतणे कायद्याला धरून होणार नाही. न्यायाला धरूनही होणार नाही, कारण त्याच झुडपांत कोणाची गुरे चरतात आणि कोणाच्या चुलीचे सरपण असते. माजी मालगुजारी तलावांच्या काठांचेही तसेच आहे. पूर्वजांनी पाणी अडवण्यासाठी राखलेली जागा ही रिकामी जागा नव्हे.

दुसरा मोह असतो तो गावातल्या बाजाराच्या मैदानाचा. तेथे आठवडी बाजार भरतो. दिवाळीनंतर झाडीपट्टीची मंडई भरते. दंडार होते, नाटक होते, सभा होतात. मोकळे मैदान हे गरिबाचे बहुउपयोगी सभागृह आहे. त्याच्या मध्यावर कायमचे उंचसखल बांधकाम केले तर भाजी विकणाऱ्या बाईची जागा जाईल आणि ती मुलांच्या नावाने जाईल. एका दुर्बलाचे काढून दुसऱ्याला देणे याला नियोजन म्हणत नाहीत.

तिसरा मोह गावाबाहेरच्या जागेचा, कारण ती स्वस्त पडते. पण खेळाच्या जागेची किंमत केवळ जमिनीच्या भावाने मोजता येत नाही. तिथे पोहोचण्याचा खर्च त्यात मिळवावा लागतो. चार किलोमीटरवरचे संकुल मोटारसायकल असलेल्या घरातल्या मुलाचे असते. संध्याकाळी साडेसहाला अंधारातून परतावे लागणार असेल, तर ते कोणत्याच मुलीचे नसते.

मग उरते काय? उरते ती शहराच्या विकास आराखड्यातील राखीव जागा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये उद्याने आणि क्रीडांगणे यांसाठी आरक्षणे ठेवली जातात. परंतु त्याच कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले न उचलल्यास आरक्षण आपोआप संपते. नगर परिषदेने नुसते स्वस्थ बसावे, की मैदान गेलेच! म्हणून जागेच्या शोधाचा आरंभ नगररचना विभागातून व्हावा. शहरातील कोणती आरक्षणे जिवंत आहेत, कोणाची मुदत भरत आली आहे, कोणत्या जागा ताब्यात येऊनही कुंपणाआड पडून आहेत, याची यादी नागरिकांनी मागितली पाहिजे. बंगलोरमधील उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवला, तोही परिसरातील रहिवासी जागे राहिले म्हणून.

अशा यादीतून निवड करताना कसोट्या साध्या असाव्यात. मजुरांच्या वस्तीपासून पायी येता यावे. जागा रहदारीच्या नजरेत असावी, पण रहदारीत नसावी. पावसाचे पाणी वाहून जाण्यास उतार असावा, कारण या भाताच्या मुलखात खोलगट सिमेंटचा हौद पावसाळ्यात डबके होऊन बसेल. पश्चिमेला झाडे असावीत, अन्यथा मे महिन्यात त्या सिमेंटवर पाऊल ठेववणार नाही. रुग्णालय जवळ नसावे, कारण चाकांचा आवाज लहान नसतो.

आता पैसा. उभारणीचा पैसा मिळणे वाटते तितके कठीण नाही. जिल्ह्याची वार्षिक योजना आहे. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांच्या कामांची शिफारस करता येते. त्यातील १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के अनुसूचित जमातींच्या वस्त्यांसाठी अपेक्षित असतात. गोंदिया जिल्हा भंडारा-गोंदिया आणि गडचिरोली-चिमूर अशा दोन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला असल्याने ठोठावण्याजोगी दारेही दोन आहेत. याशिवाय कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १३५ खाली मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, आणि आपल्या कार्यक्षेत्राला अग्रक्रम द्यावा लागतो. त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे. ज्या जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीज केंद्र उभे आहे, तेथे या तरतुदीचा उच्चार करण्यास संकोच नसावा. मात्र उल्लेख प्रशिक्षणाचा आहे, तेव्हा प्रस्तावात सिमेंटबरोबर शिक्षक, शिरस्त्राणे आणि सामायिक फळ्या यांचाही हिशेब मांडलेला असावा. आणि हा पैसा दान म्हणून घेऊ नये. कारखान्याची राख आणि धूर ज्यांच्या वाट्याला येतो, त्यांचा तो वाटा आहे. म्हणून फलकावर कंपनीचे नाव मोठे आणि नगराचे लहान, असा सौदा होता कामा नये.

खरी अडचण उभारणीनंतर सुरू होते. आमदार-खासदारांच्या निधीला उद्घाटनाची कोनशिला प्रिय असते. झाडूवाल्याचा पगार कोणत्याच कोनशिलेवर कोरला जात नाही. स्केटबोर्डचे चाक जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर व्यासाचे असते. सिमेंटला पडलेली बोटभर भेग मुलाचा हात मोडण्यास पुरेशी आहे. रस्त्याचे काम करणारा सर्वांत कमी दराचा ठेकेदार हे काम करील तर पहिल्याच पावसाळ्यात भेगा दिसतील. म्हणून निविदेत कामाचा अनुभव ही अट हवी, आणि नगर परिषदेच्या अर्थसंकल्पात डागडुजी, दिवे, सफाई आणि देखरेख यांसाठी स्वतंत्र शीर्ष हवे. तेवढी तरतूद होत नसेल तर बांधकामाला हात न घालणेच प्रामाणिकपणाचे.

येथेच खासगीकरण मागल्या दाराने येते. 'देखभालीला पैसा नाही, ठेकेदाराला चालवायला देऊ, तो माफक शुल्क घेईल' हा युक्तिवाद ऐकायला व्यवहारी वाटतो. पण तासाला वीस रुपये हे शुल्क ज्याला माफक वाटते, त्याच्यासाठी हा पार्क मुळात बांधायचाच नव्हता. जमीन लोकांची, उभारणी लोकांच्या पैशाची, आणि दारावर तिकीट, ही व्यवस्था सार्वजनिक नव्हे.

शेवटचा मुद्दा निर्णयाचा. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने उद्याने आणि क्रीडांगणे हा विषय बाराव्या अनुसूचीत घालून नगरांकडे सोपवण्याची वाट मोकळी केली. १९९३ पासून ती वाट उघडी आहे, पण तिच्यावरून चालणारे थोडे. जागेची निवड बंद खोलीत न होता प्रभागाच्या सभेत व्हावी. तिथे भाजीवाली असावी, गुराखी असावा, आणि ज्यांच्यासाठी हे चालले आहे त्या मुली असाव्यात. 'तू इथे संध्याकाळी येशील का?' हा प्रश्न एखाद्या तेरा वर्षांच्या मुलीला विचारला आणि तिने मान हलवून नाही म्हटले, तर नकाशा कितीही सुबक असला तरी ती जागा बाद समजावी.

आणि समजा, या सर्व कसोट्यांना उतरणारी जागा आज मिळाली नाही, देखभालीचा पैसाही जमला नाही, तरी या खटाटोपातून एक गोष्ट निश्चित पदरात पडेल. नगरातील मुलांच्या नावाने राखलेल्या जमिनींची यादी लोकांच्या हाती येईल. एकदा ती आली की पुढचे आरक्षण गुपचूप संपू देणे कोणालाही सोपे जाणार नाही. फळीवरचा खेळ आज ना उद्या सुरू होईल. त्याच्याखालची जमीन शाबूत ठेवणे हे आजचे काम आहे.