किल्ल्यात भाकऱ्या कोण थापायचं?

आज आपला सोलापूरचा भुईकोट, पण जरा वेगळ्या बाजूने.

किल्ला म्हटलं की आपण सनावळ्या सांगतो. चांदबीबीच्या लग्नात तो आंदण गेला, मे १८१८मध्ये मन्रोने पेशव्यांकडून घेतला. झालं! मधली अडीचशे वर्षं आत माणसं काय करत होती?

हा प्रश्न मला जोसेफ नॅशची चित्रं बघून पडला. नॅश म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्रज जलरंग चित्रकार. १८३९ ते १८४९ या काळात इंग्लंडमधल्या जुन्या वाड्यांच्या त्याच्या चित्रांचे चार खंड निघाले, शिळाछापावर. हॅडन हॉलसारखी वास्तू तो बघून काढायचा आणि रिकाम्या दालनांत जुन्या काळच्या पोशाखातली माणसं बसवायचा. म्हणजे भिंती खऱ्या, माणसं कल्पनेतली.

भिंती आपल्याकडेही आहेत की! दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, आत जुन्या मंदिराचे अवशेष. पुढच्या वेळी गेलात तर सेल्फीआधी एवढं विचारा: इथे पाणी कोण भरायचं? पहारेकऱ्यांच्या भाकऱ्या कोण थापायचं? दरवाजा लागल्यावर बाहेर राहिलेला माणूस रात्र कुठे काढायचा?

या लोकांची नावं सनावळीत नाहीत. पण त्यांच्याशिवाय किल्ला आठवडाभरसुद्धा चालला नसता.

तर तुम्हीही एक चित्र काढा, कागदावर नाहीतर मोबाइलवर, आणि आम्हाला पाठवा. अट एकच: त्यात राजा नको.