खालच्या पायरीवरचा संघ



शाळेत एखादा मुलगा नापास झाला, तर तो त्याच वर्गात राहतो. आता अशी एक शाळा डोळ्यांपुढे आणा, की जिथे सातवीत शेवटचा आलेल्या मुलाला उचलून सहावीत बसवतात आणि सहावीत पहिल्या आलेल्याला त्याच्या बाकावर आणून बसवतात. कठोर वाटते, नाही का? पण फुटबॉल, रग्बी यांसारख्या खेळांच्या अनेक साखळी स्पर्धांत नेमका हाच कायदा आहे. इंग्लंडमध्ये १८८८ साली फुटबॉलची साखळी स्पर्धा सुरू झाली, १८९२ साली तिला दुसरी श्रेणी जोडली गेली, आणि तेव्हापासून संघांचे हे चढणे-उतरणे सुरू झाले.

ह्या कायद्यामागे शहाणपण आहे. पहिला नंबर तर एकालाच मिळायचा. मग बाकीच्यांनी शेवटपर्यंत जीव तोडून का खेळावे? तर खाली घसरू नये म्हणून. तळाच्या दोन संघांची लढत त्यामुळे कधी कधी शिखरावरच्या लढतीपेक्षाही चुरशीची होते.

आज मी तुम्हांला अशाच एका घसरलेल्या संघाची हकीकत सांगणार आहे. तो आपल्याच राज्यातला, मुंबई एफ.सी. हा संघ २००७ साली निघाला. कुलाब्याजवळचे कूपरेज हे त्याचे मैदान. २००८ साली तो दुसऱ्या श्रेणीत पहिला आला आणि देशाच्या आय-लीग ह्या पहिल्या श्रेणीत चढला. तिथे तो नऊ हंगाम टिकला. अजिंक्यपद काही त्याला कधी मिळाले नाही. पण दर वर्षी, कधी कधी अगदी काठावर, तो वाचत असे. २००९ पासून सात वर्षे त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. हाताशी पैसा थोडा, नावाजलेले खेळाडू थोडे. पण संघ बुडू द्यायचा नाही, ही त्यांची ख्याती.

२०१६ साली खालिद ह्यांना निरोप मिळाला. नवा हंगाम, नवा प्रशिक्षक. सुरुवात बरी झाली. पण पुढे गाडी रुतली ती रुतलीच. हंगामाच्या मध्यावर पुन्हा प्रशिक्षक बदलला. दहा संघ, प्रत्येकाशी दोनदा गाठ, म्हणजे एकूण १८ सामने. त्यांत विजय अवघे दोन! विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक, ह्या हिशेबाने हाती आले १३ गुण, आणि २०१७ साली मुंबईचा संघ तळाला जाऊन खालच्या श्रेणीत घसरला.

आता ह्याच हंगामाची दुसरी बाजू ऐका. मिझोरामच्या डोंगरांत ऐजॉल नावाचे शहर आहे. तिथला संघ आदल्याच वर्षी, २०१६ साली, असाच घसरला होता. तो शेवटचासुद्धा नव्हता, बरं का! त्याच्याही खाली पुण्याचा एक संघ होता. पण त्याला नव्या प्रवेशामुळे न घसरण्याची सवलत होती. म्हणून गदा आली ती ऐजॉलवर. तरी ही मंडळी हातपाय गाळून बसली नाहीत. त्याच उन्हाळ्यात फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत त्यांनी धडक मारली. तिथे मोहन बागानकडून पाच-शून्य असा सपाटून मार खाल्ला, ही गोष्ट वेगळी!

पुढे गोव्याचे संघ स्पर्धेतून बाहेर पडले आणि रिकाम्या जागी ऐजॉलला परत बोलावणे आले. आता प्रशिक्षक कोण? तर मुंबईने निरोप दिलेले तेच खालिद जमील. त्यांच्याबरोबर जयेश राणे, आशुतोष मेहता असे मुंबईचे काही खेळाडूही गेले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगला शेवटचा सामना होता. ऐजॉलला बरोबरी पुरेशी होती. आधी गोल बसला तो त्यांच्यावरच. पण उत्तरार्धात त्यांनी तो फेडला. एक-एक अशी बरोबरी झाली, ३७ गुण झाले, आणि ३६ गुणांच्या मोहन बागानला मागे टाकून ऐजॉल देशाचा विजेता ठरला. ईशान्य भारतातला हा पहिलाच विजेता. एक वर्षापूर्वी जो संघ खाली ढकलला गेला, तो शिखरावर. आणि ज्या संघाने आपला जुना माणूस सोडला, तो त्याच हंगामात तळाला!

ह्यावरून प्रशिक्षक बदलू नये, असा सोपा धडा काढायचा मोह होईल. पण मला दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. घसरल्यावर पुढे काय झाले? ऐजॉलचा संघ घसरला, पण मोडला नाही. मुंबईचा घसरला आणि बंदच झाला. मालकांचा हिशेब आपण समजू शकतो. खालच्या श्रेणीत प्रेक्षक कमी, उत्पन्न कमी. आणि २०१४ साली सुरू झालेल्या श्रीमंत सुपर लीगमध्ये तेव्हा खेळून वर चढायची वाटच नव्हती. तरी दहा वर्षांची मेहनत एका हंगामात पुसली गेली, ही हळहळ राहतेच. अपयश ही यशाची पहिली पायरी, असे आपण मुलांना सांगतो. खरे आहे, पण पायरी म्हणायची तर जिना जागेवर असायला हवा!

आता हे तुम्हांला का सांगतो? जांब समर्थसारख्या गावातल्या शाळेचा कबड्डीचा किंवा खो-खोचा संघ घ्या. घनसावंगीला तालुक्याच्या सामन्याला जातो, पहिल्याच फेरीत हरतो. परतताना गाडीत कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी पारावर कोणी तरी म्हणतो, "कशाला नेता पोरांना हसं करून घ्यायला?" आणि पुढच्या वर्षी संघच जात नाही. कोणी ठराव केला नाही, कोणी बंदी घातली नाही. संघ आपोआप विरून गेला. मैदानावर गवत उगवले.

गुरुजी, ह्या घटकेला सगळे तुमच्या हाती असते. हार झाल्याच्या दुसऱ्याच संध्याकाळी ठरल्या वेळी शिट्टी वाजली पाहिजे. कुठे चुकले ते मुलांनाच विचारावे. सातवीचे खेळाडू शाळा सोडून जाणार असतील, तर पाचवीची चार पोरे आजच हाताशी धरावीत. आणि वडीलधाऱ्यांनीही पारावरची ती थट्टा एक वर्षभर आवरावी. एवढी देणगी पुरे आहे.

जांब ही समर्थ रामदासांची जन्मभूमी. त्यांनी गावोगाव मारुती उभे केले, बलोपासना सांगितली. मारुतीच्या देवळापुढच्या तालमीत पैलवान घडतो तो दुसऱ्याला पाडून जेवढा घडतो, त्याहून जास्त स्वतः पडून. पडे झडे माल वाढे, असे आपल्याकडे म्हणतात ते काही उगीच नव्हे. पण त्यासाठी पडणाऱ्याला उद्याही तीच तालीम उघडी सापडली पाहिजे.

तेवढे दार आपण उघडे ठेवू या.