नाणें, कवटी आणि बटाटा

सुशिक्षित घरांतील मुलगा किंवा मुलगी विद्यापीठांत संशोधनास लागली, म्हणजे पहिले कांहीं दिवस कौतुकाचे जातात. पुढें एखादा पाहुणा सहज विषय विचारतो. उत्तर मिळतें, "माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंतील फरक", अथवा "बटाट्याच्या पेशींतील एक प्रथिन". पाहुणा मान डोलावतो, चहाचा पेला खालीं ठेवतो आणि हळूच म्हणतो, "तें ठीक, पण याचा उपयोग काय?" घरांतील वडील माणसांच्या मनांतही तोच प्रश्न घोळत असतो, पाहुण्यानें तो बोलून दाखविला, इतकेंच.

श्रोतेहो, हा प्रश्न वाजवी आहे. संशोधनाला ऐन उमेदीचीं वर्षें लागतात, पैसा लागतो, आणि हातीं काय येईल याची हमी कोणीच देत नाहीं. याचें उत्तर विद्यापीठांच्या नियमावलींत शोधण्यापेक्षां मराठी घरांतून बाहेर पडलेल्या चार विद्यार्थ्यांच्या वृत्तांतांत शोधलें, तर तें अधिक लवकर सांपडेल. वरचे दोन्ही विषय कल्पित नाहींत, हेंही ओघानें ध्यानांत येईल.

श्रीधर व्यंकटेश केतकर १९०६ सालीं अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठांत शिकूं लागले. जातिसंस्थेचा इतिहास हा त्यांनीं निवडलेला विषय. मनुस्मृतींतील पुराव्यावरून प्राचीन समाजस्थितीचा छडा लावणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या संस्थेंत आपण वाढलों तिच्याकडे परक्या वस्तूकडे पाहावें तसें अलिप्तपणें पाहणें, ही गोष्ट त्या काळीं सोपी नव्हती. पुढें तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध करणारे ज्ञानकोशकार केतकर ते हेच. ज्ञानकोशाची शिस्त त्यांच्या अंगीं कोठें बाणली, हें निराळें सांगावयास नको.

या ग्रंथाची पुढील कथा अधिक मनोरंजक आहे. ९ मे १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गांत पंचवीस वर्षांच्या एका भारतीय विद्यार्थ्यानें निबंध वाचला. विषय होता भारतांतील जाती, त्यांची घडण, उगम आणि वाढ. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते तेथें गेले होते. जातीची व्याख्या करणाऱ्या अनेक पंडितांचीं मतें त्यांनीं या निबंधांत तपासलीं, आणि त्यांत केतकरांना मानाचें स्थान दिलें. एकेक जात सुटी न पाहतां जातींच्या साऱ्या व्यवस्थेच्या संदर्भांत तिचा विचार केतकरांनीं केला, याबद्दल आंबेडकरांनीं त्यांचा गौरव केला. मात्र तेथेंच त्यांनीं केतकरांना एक दुरुस्तीही सुचविली. जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्मानेंच मिळणारें सभासदत्व हीं दोन लक्षणें केतकरांनीं वेगळीं मानलीं होतीं. विवाहबंदी आली कीं दुसरें लक्षण आपोआपच येतें, तेव्हां बेटीबंदी हेंच जातीचें मूळ, असें आंबेडकरांनीं दाखविलें. एका विद्यार्थ्याच्या ग्रंथावर दुसऱ्या विद्यार्थ्यानें पुढची वीट रचली. एक ब्राह्मण घरांतला, दुसरा अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतला. गांवीं ज्यांच्यांत सहभोजन घडणें दुर्घट, त्यांचा समान पातळीवरील वाद परक्या विद्यापीठाच्या एका खोलींत घडून आला, आणि त्यांत जात न पाहतां केवळ प्रमाण पाहिलें गेलें.

याच आंबेडकरांनीं लंडनमध्यें हातीं घेतलेला विषय सर्वस्वी निराळा होता. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावें लागलें. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें आणि १९२० सालीं ते पुन्हां लंडनला गेले. रुपयाचा प्रश्न, त्याचा उगम आणि उपाय, हा त्यांचा प्रबंध १९२३ सालीं ग्रंथरूपानें निघाला. सरकार रुपयाचा विलायती चलनाशीं असलेला दर सांभाळण्यांत गुंतलें होतें. परंतु रुपयाची देशांतील खरेदीची शक्ति स्थिर राहते कीं नाहीं, हें अधिक महत्त्वाचें, असें आंबेडकरांचें म्हणणें. बाजारांत धान्य आणि कापड घेणाऱ्या प्रत्येक गृहिणीशीं त्याचा संबंध येतो. त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक एडविन कॅनन यांना शिष्याचीं सारीं मतें मान्य नव्हतीं. तरीही त्यांनीं ग्रंथास प्रस्तावना लिहिली आणि आपला मतभेद तींतच मोकळेपणानें नमूद केला. मार्गदर्शक कसा असावा, याचा हा नमुना होय.

परंतु प्रत्येकाच्या वांट्यास असा मार्गदर्शक येतोच असें नाहीं. इरावती कर्वे मुंबईस प्रा. घुर्ये यांच्याकडे एम. ए. झाल्या आणि पुढें बर्लिनला गेल्या. सासरे महर्षि कर्वे यांना हें जाणें पसंत नव्हतें. पति दिनकरराव पाठीशीं उभे राहिले. बर्लिनमध्यें त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशभेदावरून माणसांची प्रतवारी लावणाऱ्या विचाराचे ते मोठे पुरस्कर्ते. पुढें नाझी राजवटीनें याच विचाराचा आधार घेऊन अनर्थ केला. इरावतीबाईंच्या वांट्यास विषय आला तो कवटीच्या उजव्याडाव्या बाजूंच्या असमानतेचा. या असमानतेंत गोऱ्या वंशाचें कांहीं वैशिष्ट्य आढळेल, अशी गुरूंची अपेक्षा. इरावतीबाईंनीं निरनिराळ्या वंशांच्या कवट्या एकेक करून हातीं घेतल्या, मोजल्या, ताडून पाहिल्या. वंशाचा आणि या असमानतेचा संबंध त्यांना आढळला नाहीं, आणि जें आढळलें तेंच त्यांनीं लिहिलें. परका देश, परकी भाषा, पदवी गुरूंच्या हातीं. अशा वेळीं मापांशीं इमान राखणें सोपें नसतें. कवट्यांच्या अभ्यासाचा उपयोग काय, असें विचारणाऱ्या पाहुण्यास याहून चांगलें उत्तर कोणतें देतां येईल? १९६७ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'युगान्त'मध्यें महाभारतांतील माणसांकडे पाहणारी त्यांची निर्भय दृष्टि मराठी वाचकांना परिचित आहेच.

आतां बटाट्याकडे वळूं. कमला भागवत, पुढें कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकानें मिळवून १९३३ सालीं बंगळूरच्या विज्ञानसंस्थेकडे गेल्या. स्त्री असल्यामुळें प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहींत; अखेर एक वर्ष कसोटीवर काम करावयाचें, अशा अटीवर त्यांना घेण्यांत आलें. पुढें केंब्रिजला बटाट्यावर काम करीत असतां, श्वसनक्रियेंत भाग घेणारें सायटोक्रोम सी हें प्रथिन वनस्पतींच्या पेशींतही असतें, असें त्यांनीं दाखविलें. बटाटा आणि माणूस यांच्या पेशींत श्वसनाची एकच किल्ली आहे! त्यांचा प्रबंध अवघा चाळीस पानांचा. त्यावर १९३९ सालीं त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. स्वदेशीं परतल्यावर त्यांनीं नीरेच्या पोषणमूल्यांचा अभ्यास केला. त्यांच्या वडील भगिनी दुर्गाबाई यांनीं त्याच सुमारास बौद्ध भिक्षुसंघाच्या न्यायपद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि पुढें लोकसाहित्यांत आयुष्य घातलें. एकाच घरांत एक बहीण बटाट्याकडे, दुसरी विनयपिटकाकडे. पण पुराव्यावांचून बोलावयाचें नाहीं, हा दोघींचा बाणा सारखाच.

जात, नाणें, कवटी, बटाटा. या विषयांत वरवर पाहतां कांहींच साम्य नाहीं. साम्य आहे तें विद्यार्थ्यानें विचारलेल्या प्रश्नाच्या खरेपणांत आणि आलेलें उत्तर जसेंच्या तसें स्वीकारण्यांत. प्रबंधाचा विषय बहुधा काळाबरोबर मागें पडतो. तो सोडवितांना लागलेली संवय मात्र मरेपर्यंत सुटत नाहीं, आणि समाजाच्या उपयोगीं पडते ती तीच. उलट पदवीसाठीं दुसऱ्याचीं पानें उतरवून काढणाऱ्याचा विषय कितीही उपयुक्त दिसला, तरी त्याच्या हातीं कागदापलीकडे कांहीं उरत नाहीं.

आज भारतीय विद्यापीठांतील असंख्य प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहांत घरबसल्या वाचतां येतात. एखाद्या रविवारीं त्यांची नुसती यादी जरी चाळली, तरी विषयांचा विस्तार पाहून मन थक्क होतें. आणि घरांतलाच कोणी संशोधनास लागला असेल, तर जेवतांना त्यास दोनच प्रश्न विचारावेत: "तुला काय ठाऊक करून घ्यावयाचें आहे? आणि आजवर काय आढळलें?" दुसऱ्या प्रश्नास त्यानें प्रामाणिकपणें "अजून कांहीं नाहीं" असें उत्तर दिलें, तरी वडिलांनीं काळजी करूं नये. उपयोगाचा प्रश्न कांहीं वर्षें थांबूं शकतो.