पुरस्काराचा अर्ज आणि आपली वही
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. वलांडीवर बोंबील टांगण्यात आणि बाजारात पाटी मांडण्यात माझा जन्म गेला. म्हणून विषयही त्यातलाच घेतला आहे. गेल्या सभेत ज्या प्रश्नावर आपल्यात दोन तट पडले, तोच प्रश्न. शेतमालाच्या आणि मासळीच्या विक्रीबद्दल जी बक्षिसे दिली जातात, त्यांच्या स्पर्धेत आपल्या मंडळाने उतरावे की नाही?

अशा स्पर्धा आता सगळीकडे भरतात. अमेरिकेत शेतमालाच्या विक्रीत आणि जाहिरातीत काम करणाऱ्यांची ‘नामा’ नावाची संस्था आहे. ती दरवर्षी उत्तम कामाला बक्षिसे देते. आधी विभागात निवड होते, मग देशपातळीवर. आपल्याकडे राज्य सरकार शेतीतील कामगिरीबद्दल पुरस्कार देते, त्यांत शेतकरी भगिनींसाठी जिजामाता कृषिभूषण पुरस्कार आहे. 21 नोव्हेंबरला जागतिक मत्स्यदिनी मासळीच्या क्षेत्रातही गौरव होतात. पूर्वी आपण म्हणत असू की आपण दर्यावरची माणसे, शेतीच्या गोष्टीत आपले काय काम? परंतु 2025 साली महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीच्या बरोबरीचा दर्जा दिला. तेव्हा ती सबबही आता उरली नाही.

परिपत्रकात ‘विपणन व्यावसायिक’ असा शब्द वाचला तेव्हा आपण सर्व जणी हसलो. हे कोणी सुटाबुटातले साहेब असणार, असे आपल्याला वाटले. पण भगिनींनो, गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून भाव सांगणारी, कोणाला जवळा लागतो आणि कोणाला बोंबील हे ध्यानात ठेवणारी, पहाटेची गाडी धरून माल बाजारात नेणारी कोळीण, हिच्यापेक्षा मोठी विक्रीतज्ज्ञ आणखी कोण असणार? ज्ञान आपल्यापाशी आहे. नाही ती एकच गोष्ट, ते कागदावर नाही.

आता माझी स्वतःची फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही आठ जणींनी मिळून सुक्या बोंबलाची पाकिटे विकायला सुरुवात केली. जून आणि जुलै हे दोन महिने मासेमारी बंद असते, त्या दिवसांत पाकिटांना चांगली मागणी येई. पुढे एका स्पर्धेचा अर्ज हाती आला. त्यात विचारले होते: माल कोणासाठी? खर्च किती, विक्री किती? एकदा आलेली किती गिऱ्हाइके पुन्हा आली? परत आलेला माल किती?

पुन्हा आलेल्या गिऱ्हाइकांपुढे आम्ही लिहिले, ‘पुष्कळ’. परत आलेल्या मालापुढे लिहिले, ‘नाही’. आणि हे दुसरे उत्तर खोटे होते. त्या वर्षी ऑक्टोबरात अवेळी पाऊस आला होता. बोंबलात पाण्याचा अंश फार. ऊन आणि वारा पुरता मिळाला नाही तर तो वरून वाळलेला दिसतो आणि आतून ओला राहतो. आम्ही घाई केली. पाकिटांत बुरशी धरली आणि एका दुकानदाराने दोन डझन पाकिटे परत पाठवली. ही गोष्ट अर्जात कशाला लिहायची, असे आम्हांला वाटले.

परीक्षक चौकशीला आले ते थेट त्याच दुकानात. बक्षीस तर गेलेच, पण मला लागले ते निराळेच. तो दुकानदार नंतर मला म्हणाला, “ताई, तुम्ही दुसऱ्याच दिवशी माझे पैसे परत केलेत. इतका व्यवहार कोण करतो? तेच लिहायचे होते.” मी मान खाली घातली. आमच्या धंद्यातली सर्वांत अभिमानाची गोष्ट आम्हीच लपवली होती!

त्या दिवशी मी वही घातली. आजचा माल किती, वाळवणीला किती दिवस लागले, कोणी नेला, कोण पुन्हा आले, काय परत आले, हे सारे तिच्यात येऊ लागले. पहिल्या वर्षातच कळले की ज्या लहान पाकिटावर आमचा जीव होता, त्याच्यावर बांधणीचा खर्च वजा जाता काहीच उरत नव्हते. बक्षीस मिळाले नाही, पण त्या अर्जाने ही अक्कल दिली.

या बाबतीत लिज्जत पापडाचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे असावे. 1959 साली मुंबईत गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आरंभी त्या दोन प्रतींचे पापड करीत, एक चांगला आणि एक हलका, स्वस्त. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख यांनी सांगितले की, एकच प्रत ठेवा, ती उत्तम ठेवा आणि हिशेब चोख लिहा. पुरस्कारांचे दिवस फार पुढे आले. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली ती 2021 साली, म्हणजे 62 वर्षांनी! वही आधी आली, मान मागून आला.

सभेत एका भगिनीने विचारले होते, “अर्जावर नाव कोणाचे?” प्रश्न रास्त आहे. फोटोत एक उभी राहते आणि बोंबील वाळवणाऱ्या दहा जणी मागे राहतात, असे पुष्कळदा घडते आणि त्यातून मने दुखावतात. माझे मत स्पष्ट आहे. नाव मंडळाचे द्यावे आणि सोबत काम करणाऱ्या प्रत्येकीचे नाव, तिच्या कामासह, जोडावे. वलांडी बांधणारी, बोंबील टांगणारी, पाकीट बांधणारी, मरोळच्या बाजारात माल नेणारी आणि वही लिहिणारी, यांतली एकही गळता कामा नये.

दुसऱ्या भगिनी म्हणाल्या, “बक्षिसाची हाव कशाला?” हाव नकोच. पण परीक्षेला बसणारी मुलगी नुसत्या बक्षिसासाठी बसत नाही. आपल्याला किती येते हे तिला कळते. म्हणून माझी सूचना अशी की, यंदा लगेच अर्ज करू नये. या ऑक्टोबरापासून पुढच्या मे महिन्यापर्यंत एक पूर्ण हंगाम वही लिहावी. पाकिटावर वजन, तारीख आणि अन्नपरवान्याचा क्रमांक नीट छापावा. मग त्या वहीवरून अर्ज भरावा. जे बिघडले तेही लिहावे आणि ते कसे सुधारले हेही लिहावे.

बक्षीस आले तर ते मंडळाच्या खोलीत भिंतीवर लावू. नाही आले तर वही आहेच, आणि तिचा उपयोग आपल्या मुलीसुनांना होईल. वहीचे पहिले पान आज, या शुभदिनी, कार्यक्रम संपल्यावर आपण सर्वांनी मिळून लिहावे, एवढीच माझी विनंती आहे.