लांगश्यान : फांद्यांसकट लढणारा बांबू

16व्या शतकात चीनच्या आग्नेय किनाऱ्यावर ‘वोकोऊ’ चाच्यांचा, म्हणजे नावाने जपानी पण प्रत्यक्षात बव्हंशी चिनीच असलेल्या लुटारूंचा, उपद्रव वाढला, तेव्हा त्यांच्या लांब तलवारींपुढे टिकाव धरण्यासाठी मिंग राजवटीचा सेनापती छी जिग्वांग (1528–1588) याने ‘लांगश्यान’ हे विलक्षण शस्त्र आपल्या सैन्यात रूढ केले. नावाचा अर्थ ‘लांडगा-कुंचा’ असा काहीसा होतो. वस्तुतः तो सुमारे साडेचार ते पाच मीटर लांबीचा बांबूच असे, ज्याच्या बाजूच्या फांद्या न छाटता मुद्दाम राखलेल्या असत आणि शेंड्याला लोखंडी पाते बसवलेले असे. ठार मारण्यापेक्षा अडवणे हेच त्याचे खरे काम होते, कारण लवचीक फांद्यांच्या जाळीत तलवारीचा वार अडकून पडे, समोरच्याची नजर झाकली जाई आणि त्या आडोशामागून भालाईतांना भोसकण्याची संधी मिळे. एकट्याच्या हाती मात्र हे अवजड झुडूप जवळजवळ निरुपयोगीच ठरे. म्हणून ‘युआनयांग’, म्हणजे मँडरिन बदकांच्या जोडीचे नाव लाभलेल्या लहान व्यूहात दोन ढालकऱ्यांमागे दोन लांगश्यानधारी, त्यांच्यामागे चार भालाईत आणि शेवटी दोन त्रिशूळधारी अशी रचना केलेली असे.