पाणी तपासा, गाळही तपासा



पैनगंगा, अडाण, काटेपूर्णा या आपल्या नद्या काळ्या पाषाणावरून वाहतात. तो झिजला की चुना आणि मॅग्नेशियम पाण्यात उतरतात. चिकणमाती गाळ होऊन बसते. पाणी आणि गाळ एकाच दगडाची लेकरं, पण स्वभाव वेगळे. नायट्रेट पाण्याबरोबर वाहून जातं. स्फुरद बारीक कणांना चिकटून गाळात राहतं.

दोन आकडे जोडीनं हलले की सहसंबंध आहे म्हणतात. पण सहसंबंध म्हणजे कारण नव्हे. पुरात पाण्यातले क्षार विरळ होतात, त्याच वेळी पाणी गढूळ होतं. दोन्ही पूरच करतो. म्हणून नमुने पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात, दोन्ही वेळा घ्यायचे.

२०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आली. तलावातला गाळ रानाला सोनं ठरू शकतो. पण त्याचा सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल, तर तोच गाळ काळं रान चोपण करील. शेतात पसरलेला गाळ परत उचलता येत नाही.

तेव्हा आपली मागणी एकच: प्रत्येक तलावाच्या गाळाचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. आधी कागद, मग ट्रॉली!